उरलेली चरबी

लायपोसक्शनचे, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायच्या ऑपरेशनचे, व्रण शोधावे लागतात. माझ्या अंगावरचे भाताच्या शितापेक्षा मोठे नाहीत. त्यातला एक तर बेंबीच्या कडेला असा दडलाय की मलाही बोटाने चाचपूनच सापडतो. एवढ्याशा भोकांतून काही बाहेर येतं हे फोंड्यात कुणाला खरं वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पोट उभं चिरून, चरबी काढून, वर टाके घातल्याचं चित्र असतं. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला: "किती किलो गेले गो?"

खरं उत्तर दिलं की समोरचीचा चेहरा पडतो. दोन. फार तर सव्वादोन. बरणीत तीनेक लिटर माल जमला होता, पण त्यात आधी टोचून भरलेलं पाणी होतं, थोडं रक्त होतं, आणि चरबी मुळात पाण्याहून हलकी, लिटरला साधारण ९०० ग्रॅम. एका बैठकीत पाच लिटरच्या वर गेलं की धोका वाढतो म्हणून शहाणे सर्जन त्याच्या अलीकडेच थांबतात. म्हणजे या वाटेने कुणी बारीक होऊन येईल ही आशाच फोल. "एवढ्यासाठी एवढे पैसे मोडलेस?" हा त्यानंतरचा प्रश्न. हो, मोडले. माझे होते.

ऑपरेशनआधी पणजीच्या दवाखान्यात सर्जनने हे सगळं नीट सांगितलं होतं. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे, आकार बदलायचं आहे, असे त्यांचेच शब्द. बाहेरच्या टेबलावरची गोडबोली मुलगी मात्र "मॅडम, कायमची सुटका" म्हणत होती आणि तिने हातात दिलेल्या पत्रकावर आधीचे आणि नंतरचे फोटो होते. आधीच्या फोटोतल्या बाया झुकून उभ्या, नंतरच्यातल्या ताठ. सर्जन आणि ती मुलगी, दोघंही एकाच छपराखाली पगार घेत होती. हा धंदा त्या दोन टेबलांच्या मधल्या जागेत चालतो.

चरबी ओढून काढायची कल्पना जुनी, आणि तिची सुरुवात फार वाईट झाली. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तकीच्या पायावरची चरबी खरवडून काढली. पाय सडला, शेवटी कापावा लागला. पुढची पन्नास वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही यात नवल नाही. सत्तरच्या दशकात रोममध्ये फिशर बापलेकांनी नळी लावून चरबी ओढायचा घाट घातला, आणि पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट तोंडाची नळी वापरायला सुरुवात केली, त्यामुळे शिरा आणि नसा बऱ्याच वाचू लागल्या. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञांनी सलाइनमध्ये लिडोकेन आणि ॲड्रेनलिन मिसळून ते आधी चरबीत भरायची पद्धत काढली. लिडोकेनने भाग बधिर होतो, ॲड्रेनलिन या हॉर्मोनने रक्तवाहिन्या आकसतात. माझ्या पोटात आणि मांड्यांत भरलं ते हेच. चरबी काढायच्या ऑपरेशनची पहिली पायरीच एका हॉर्मोनची, ही गंमत मला फार उशिरा लक्षात आली.

घरी आल्यावर काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं. नवरा हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. भरलेलं पाणी आणि सूज यामुळे सगळ्यांचंच तसं होतं. बारीक भोकांतून दोन दिवस लालसर पाणी झिरपत राहिलं, गादीवर रेक्झिन अंथरलं होतं, आणि छातीखालपासून गुडघ्यांपर्यंत हुकांचा घट्ट पट्टा. तो पट्टा ज्यांनी शोधला ते नक्की थंड देशातले असणार. आमच्याकडच्या दमट हवेत त्याच्या आत घाम, पावडर आणि खाज यांचा काला होतो. एक धुवून पंख्याखाली टाकायचा, दुसरा चढवायचा, आणि तो चढवायला घरातलं एक माणूस लागतं. बेंबीच्या खालची कातडी कित्येक महिने माझी वाटत नव्हती. हात लावला तर हाताला कळायचं, पोटाला नाही. आत कडक गाठी लागायच्या, त्या हळूहळू मऊ होत गेल्या. पत्रकात असला आकार दिसायला सहा महिने गेले, आणि दिसला तेव्हा मी खूश होते. ते लपवायचं काही कारण नाही. साडीच्या निऱ्या सपाट बसल्या, आणि मांड्या घासून उन्हाळ्यात होणारी आग बंद झाली. त्या आगीचं दुःख ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता शिंपिणीकडे येते.

आमचा फुगडीचा गट आहे. चवथीला साड्या एकसारख्या, ब्लाउज एकसारखे, आणि सगळे एकीकडेच शिवायचे. शिंपीण आम्हा सगळ्यांहून लहान, पण तिच्यापुढे हात पसरून उभं राहिलं की कुणाचं काही चालत नाही. गेल्या वर्षीच्या मापावर तिचा विश्वास नसतो. दरवर्षी टेप नव्याने फिरतो आणि आकडे एका लांबट वहीत चढतात, प्रत्येकीला एक पान. छाती, छातीखाली, कंबर, मुंडा, दंड, उंची. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चवथीला तिने माझी कंबर दोनदा मोजली आणि काही न बोलता लिहिली. त्यानंतरच्या चवथीला मात्र टेप माझ्या दंडाभोवती धरून तशीच थांबली.

"वैनी, परकराची गाठ आहे तिथेच येते. मांडीला कापड सैलच आहे. पण दंड अर्धा इंच वाढला, छातीखाली एक. खालचं वर चढलं काय?"

जुना ब्लाउज तिने उसवायला घेतला होता. आतल्या शिवणीला राखलेलं कापड अर्धं संपलं होतं आणि पहिल्या शिवणीच्या सुईची भोकं ओळीने दिसत होती.

तिचा प्रश्न अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांना पडून गेला होता. त्यांनी लठ्ठ नसलेल्या ३२ बायका घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले: एका गटाचं लायपोसक्शन, दुसऱ्याचं नाही. दोन्ही गटांनी खाणं-पिणं, चालणं-फिरणं आहे तसंच ठेवायचं. सहा आठवड्यांनी ऑपरेशनवाल्यांच्या अंगची चरबी साहजिकच कमी भरली. वर्षाने पुन्हा मोजली तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. मांड्यांवरून गेलेली मांड्यांवर परतली नाही, पोटावर आली. २०११ साली हे छापून आलं. शिंपिणीने टेपने जे सांगितलं तेच त्यांनी स्कॅनिंग यंत्रांनी सांगितलं, आणि तिच्याकडे मी शिलाईशिवाय काही दिलं नव्हतं.

हे का व्हावं? मी शाळेत शिकले तेव्हा चरबी म्हणजे साठवण, वर थंडीपासून संरक्षण, आणि पुढचा धडा. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचं जनुक शोधलं आणि तो धडा जुना झाला. लेप्टिन हे हॉर्मोन चरबीच्या पेशीच तयार करतात. साठा जेवढा, तेवढं लेप्टिन रक्तात, आणि मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस ते वाचत बसलेला. लेप्टिन घटलं की मेंदू समजतो, अन्नान्नदशा आली. मग भूक वाढते, अंग ऊर्जा जपून वापरायला लागतं, आणि हे सगळं माणसाला न विचारता. सर्जनने काढलेली चरबी आणि उपासमारीने गेलेली चरबी यांत मेंदूला भेद करता येत नसावा; त्याला दिसतो तो आकडा उतरलेला. हॅमस्टर आणि उंदरांच्या अंगातून चरबी कापून काढली तर काही महिन्यांत ती दुसरीकडे भरून येते, हे प्रयोगशाळांत फार आधीपासून माहीत होतं. उंदराला कुणी "तोंडावर ताबा ठेव" म्हणत नाही, एवढाच त्याचा फायदा.

पेशींचाही हिशेब आहे. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी तो ज्या युक्तीने मांडला ती मला फार आवडते. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला आणि चाचण्या थांबल्यावर उतरत गेला. पेशीच्या डीएनएमधला कार्बन-१४ मोजला की तिचा जन्म कधीचा ते कळतं. २००८ साली त्यांनी दाखवलं की मोठ्या माणसाच्या अंगात चरबीच्या पेशींची संख्या जवळजवळ कायम असते. वर्षाला दहाएक टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. जठराचं ऑपरेशन करून खूप बारीक झालेल्यांच्याही पेशी संख्येने तेवढ्याच राहिल्या, फक्त आक्रसल्या. लायपोसक्शनने ओढून नेलेल्या पेशी त्या जागी पुन्हा दाटीने उगवताना दिसत नाहीत, म्हणून माझी मांडी सैलच राहिली. पण उरलेल्या पेशी फुगायला मोकळ्या, मग त्या दंडावर असोत की आत आतड्यांभोवती.

एवढं वाचून मी निश्चिंत झाले होते: ऑपरेशन केलं, चरबी वर चढली, प्रकरण मिटलं. पण पुढच्या चवथीला शिंपीण वही उघडून पुढच्या-मागच्या पानांवर बोट फिरवत बसली आणि म्हणाली, "तुमचं एकट्याचं काय घेऊन बसलात? ह्या बघा." गटातल्या जवळजवळ प्रत्येकीची कंबर त्या वर्षांत रुंद झालेली, दंडही भरलेले. त्यांनी कुणी कसलं ऑपरेशन केलं नव्हतं. नावं तिने हाताने झाकली होती, पण आम्ही इतकी वर्षं एकत्र फेर धरतोय, कुठलं पान कुणाचं ते मला झाकूनही कळत होतं. कोलोरॅडोवाल्यांनी मुद्दाम जमवलेला दुसरा गट माझ्यापुढे आयताच बसला होता.

आम्ही सगळ्या पंचेचाळीस ते पंचावन्नच्या. माझी पाळी ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी गेली. इस्ट्रोजेन असतं तोवर बाईची चरबी नितंबांवर आणि मांड्यांवर बसते. ते ओसरलं की ती पोटाकडे वळते, त्यातही आतल्या बाजूला. वजन तेच राहून परकर घट्ट होणं हा या वयातला सार्वत्रिक अनुभव आहे, आणि दर घरी त्याचा दोष वेगळ्या गोष्टीवर टाकला जातो: पाववाल्या पोदेराच्या उंड्यांवर, नोकरी सोडण्यावर, सुनेच्या हातच्या जेवणावर. माझ्या घरी ऑपरेशनवर. बीजकोश थकल्यावर इस्ट्रोजेनचा एक सौम्य प्रकार, इस्ट्रोन, बनवायचं काम मुख्यतः चरबीतच चालतं. ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून येणाऱ्या कच्च्या मालातून ते घडवतं. म्हणजे हॉर्मोन चरबीला जागा दाखवतं आणि चरबी हॉर्मोन बनवते. अशा वेळी माझ्या दंडावरच्या अर्ध्या इंचात नळीचा वाटा किती आणि वयाचा किती, हे एकट्या माझ्या अंगावरून कुणालाच सांगता येणार नाही. आणि तरी फोंड्याच्या बाजारात भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई ते ठामपणे सांगते.

थायरॉइडचं मात्र आधी तपासून घ्यावं, एवढं मी सगळ्यांना सांगते. त्यासाठीची टीएसएच ही रक्ततपासणी स्वस्त आहे. थायरॉइड मंदावल्यामुळे वाढलेलं वजन नळीने काढत बसण्यात अर्थ नाही. तरुण मुलींचं पीसीओएसचंही, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हॉर्मोनच्या दुखण्याचंही, तेच. तिथे मूळ बिघाड इन्सुलिनशी जाऊन मिळतो आणि तो कातडीखाली राहत नाही.

आणि खरी काळजी कातडीखालच्या चरबीची नाहीच मुळी. नळी पोहोचते ती कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या थरापर्यंत. यकृताभोवती, आतड्यांभोवती जी असते तिला ती हातही लावू शकत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसला सॅम्युएल क्लाइन यांनी (हे वेगळे क्लाइन) पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरून एकेकीची नऊ-दहा किलो चरबी काढली. माझ्या चौपट-पाचपट. दहा-बारा आठवड्यांनी बघितलं तर लेप्टिन उतरलेलं, पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला शरीर देत असलेली दाद, यात काहीच फरक नव्हता. तेवढंच वजन चालून आणि कमी खाऊन उतरलं असतं तर हे सगळे आकडे सुधारले असते, कारण तेव्हा आतली चरबीही उतरते आणि पेशी आक्रसतात. २०१२ साली ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं: पोटाचं लायपोसक्शन झालेल्या ज्या बायकांनी व्यायाम केला नाही त्यांची आतली चरबी सहा महिन्यांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढली, ज्यांनी केला त्यांची वाढली नाही. हे मला पणजीतल्या त्या दोन टेबलांपैकी एकावरही कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकात छापायला दोन ओळी पुरल्या असत्या.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या आत काय असतं ते सांगायला एवढा फोटो पुरे. म्हणून आपल्याकडे कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं म्हणतात. आणि गोव्यात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात मधुमेहात गोवा पहिला: मोठ्या माणसांपैकी २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे गोव्यात चारांत एक. आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती मी डोळ्यांनीच मोजून पाहिलं, हिशेब बरोबर निघाला.

माझी स्वतःची तीन महिन्यांची साखर गेल्या वर्षी सीमारेषेवर आली. तेव्हापासून संध्याकाळी फर्मागुढीच्या पठारावर चालते आणि आठवड्यातून तीनदा घरात वजनं उचलते. पाण्याच्या बाटल्यांनी सुरुवात केली होती, आता मुलीने खरी डंबेल्स आणून दिली आहेत. सोबतच्या दोघीतिघी हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं विचारतात. २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हापासून ते नाव पठारावर रोज ऐकू येतं. ते निदान मुळाशी जातं: आतड्यातली भूक आवरणारी हॉर्मोनं असतात त्यांची नक्कल करतं, म्हणून खाणंच कमी होतं. बंद केलं की बहुतेकांचं वजन परततं, हेही त्याबरोबर ऐकून ठेवावं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढंच मी म्हणते आणि पावलं उचलते, कारण चढावर बोललं की दम लागतो.

मधे डिचोलीहून पुतणी आली होती. वय एकतीस, एक मूल, दुसऱ्याचा विचार चाललेला, आणि पणजीतल्याच कुठल्याशा दवाखान्याचं पत्रक तिच्या मोबाइलवर. माझ्याकडे ती आली ती मी नको म्हणणार नाही म्हणून. मी नको म्हटलं नाही. दुसरं मूल हवं असेल तर ते आधी होऊन जाऊ दे, बाळंतपणात पोट पुन्हा ताणलं जाणारच आहे. रक्त तपास, टीएसएच आणि साखर दोन्ही. आणि त्यांना विचार की किती किलो जातील. जो आकडा सांगून मोकळा होईल त्याच्याकडे जाऊ नकोस. कोलोरॅडोच्या अभ्यासातली एक गोष्टही मी तिला सांगितली. ऑपरेशन न झालेल्या गटाला शेवटी निकाल दाखवून विचारलं होतं की आता तुम्हाला सवलतीत करून देतो, हवं का. चरबी पोटावर परतते हे कळूनही निम्म्याहून अधिक जणी हो म्हणाल्या. त्यांना मांड्या नको होत्या, बस्स. त्या बायकांना मी मूर्ख म्हणणार नाही.

पुतणीने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "काकी, तू परत करशील?"

"मांड्यांचं करीन," मी म्हटलं. "पोटाचं नाही."